तात्यांची एक मांडी

आमच्या तात्यांना दोन नाद होते, एक पत्त्यांचा आणि दुसरा नेमांचा. पहिल्याची लाज वाटली की ते दुसरा धरायचे. वडील म्हणून माणूस सोन्यासारखा. दारू नाही, तंबाखू नाही, आम्हा दोघी बहिणींच्या अंगाला कधी बोट लावलं नाही, ऊस तोडायला गडी कमी पडला तर स्वतः कोयता घेऊन सरीत उतरायचे. पण गुलाबभाईंच्या गुऱ्हाळावर तीन पानी बसलीय असं नुसतं कानावर आलं की यांचे पाय तिकडे वळलेच म्हणून समजा. मग संध्याकाळी खाली मान घालून यायचं, चुलीपुढे आईसमोर बसायचं आणि एक नवा नेम जाहीर करायचा. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि "बरं" म्हणायची. तेवढंच. तिच्या त्या 'बरं'ला तात्या जेवढे घाबरायचे तेवढे ते सापालाही घाबरत नसत.

आमचं घर सणसरला, कालव्याच्या अलीकडं. पुढं अंगण, अंगणात दोन बैल, एक म्हैस आणि मागं लगेच ऊस. आमच्याकडं शांतता म्हणून कधी नव्हतीच. वारा आला की पाचटाचा सळसळाट, म्हैस कायम कशावर तरी नाराज, आणि गळिताचे दिवस असले की गुऱ्हाळाच्या इंजिनाचं पुक पुक पुक दिवसभर. त्या आवाजाबरोबर उकळत्या रसाचा वास यायचा. तो वास आला की माझी थोरली बहीण विमल, म्हणजे अक्का, आणि मी भाकरी हातात घेऊनच पळत सुटायचो. गुलाबभाई काहिलीतली गरम काकवी पळीनं भाकरीवर ओतायचे आणि म्हणायचे, "हळू खा गं पोरींनो, जिभा भाजत्याल!" जिभा रोज भाजायच्या. आता साखर वाढलीय म्हणून डॉक्टरांनी मला गुळाचा खडासुद्धा बंद केलाय, पण हे लिहिताना तोंडाला पाणी सुटलंय, त्याला डॉक्टर काय करणार!

तात्यांचा पहिला नेम मला आठवतो तो बेंदराचा. वर्षातून एकदा, बैलांच्या सणाला खेळायचं, एरवी पत्त्याला शिवायचं नाही. ऐकायला किती झकास! पण आमच्या भागात बैलांचा सण एक नाही हो. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात आपला महाराष्ट्री बेंदूर, आणि भादव्यात पोळा. तात्यांनी तिन्ही मानले. वर म्हणायला मोकळे, "बैल काय एकाच राज्याचा असतोय व्हय?" पुढं दुसऱ्या दिवशीचा शिळा बेंदूरही त्यात आला. मग कुणी नवी खोंडाची जोडी आणली, तर तोही बैलांचाच आनंद की! वर्ष संपेपर्यंत बेंदूर आमच्या घरात महिन्यातून दोनदा यायला लागला. नंतरचा नेम अंघोळीचा. अंघोळ केल्याशिवाय पत्त्याला हात लावायचा नाही. हा मात्र त्यांनी कडक पाळला. थंडीत अंधार असतानाच उठून थंडगार पाणी डोक्यावर घ्यायचे आणि 'हर हर' करत कुडकुडायचे. आई म्हणायची, "तेवढाच फायदा. मानूस सोच्छ तरी ऱ्हातोय."

तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याला नेम पाळता येत नव्हते. उलट आहे. नेम पाळण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडला नसता. नेम पाळला की ते असे खूश व्हायचे, की त्या खुशीत परत खेळायला बसायचे.

माझा नातू कॉलेजसाठी बारामतीत माझ्याजवळ राहतो. परवा जेवताना डाव्या हातानं मोबाईलवर रमी चाललेली. मी डोळे वटारले तर म्हणतो, "आजी, टेन्शन नको. मी लिमिट लावलंय. ठरलेल्यापुढं खेळताच येत नाही." म्हटलं, "लिमिट लावलं कुणी?" "मीच." "आणि काढणार कोण?" त्यावर साहेब वरणभात कालवायला लागले. मला मोठ्यांदा हसू आलं. म्हटलं, आले गं बाई, आमचे तात्या परत आले!

तर मांडीचं सांगायचं होतं. तो तात्यांचा सगळ्यात लाडका नेम. गुऱ्हाळावर चिपाडांच्या गंजीच्या सावलीत पोत्यावर एकदा मांडी घालून बसायचं, आणि ती मांडी मोडली की खेळ संपला. पाय लांब केला, उकिडवं बसलं, पाणी प्यायला उठलं, तरी संपला. परत बसणं नाही. आईलासुद्धा हा नेम पटला. माणूस किती वेळ मांडी घालून बसेल, तासभर? पण आमचे तात्या! घरी जेवताना, दाढी करताना, म्हशीला कडबा कापताना, सगळीकडं मांडी. चक्क सराव चालला होता. थोड्याच दिवसांत असे तयार झाले, की सकाळची भाकरी खाऊन बसलेले तात्या उन्हं उतरली तरी हलायचे नाहीत. बाकीचे खेळणारे लघवीला उठायचे, हे नाही. वर घरी येऊन छाती फुगवून सांगायचे, "एक मांडी! मोडली न्हाय बरं का!"

आम्ही पोरी हसायचो, आईही हसायची. पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे आज लिहिलंच पाहिजे. ऊस गेल्यावर आईला नवं लुगडं यायचं ठरलेलं असायचं. एका वर्षी ते आलं नाही, दुसऱ्या वर्षीही आलं नाही. ती जुन्यालाच दंड घालून नेसायची, पदराची बाजू अशी फिरवायची की ठिगळ कुणाला दिसू नये. मला दिसायचं. मला तात्यांचा फार राग यायचा, आणि रात्री ते जवळ बसून घास भरवायला लागले की जायचाही.

अशात अक्काला पणदऱ्याचं स्थळ आलं. मुलगा दत्तू, माळेगावच्या बाजूला कारखान्यात फिटर. अक्कानं त्याला जत्रेत पाहिलेलं होतं आणि तिचं मन बसलं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं, म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं. मधे होता आमचा मामा. मुलाची आई गजराबाई, मोठी खमकी विधवा. तिची एकच अट: घरात पत्त्यांचा नाद नको. तिच्या सख्ख्या भावाचं घर पत्त्यांनी बसलं होतं. मामानं बेधडक ठोकून दिलं, "छे छे! आमच्या दाजींना एक्का कंचा आन राजा कंचा, त्येबी ठावं न्हाय!" आणि घरी येऊन आमच्या पाया पडायचा बाकी राहिला, की बाबांनो, तेवढा दिवस सांभाळा.

पाहुणे दुपारनंतर यायचे होते. सकाळी आईनं शेवयांची खीर करायला घेतली आणि तात्यांना ताजा गूळ आणायला गुऱ्हाळावर धाडलं. आता कुणी म्हणेल, मांजराला दूध आणायला धाडलं. पण तात्या स्वतः बोलले होते, "आज बसनार न्हाय. आन बसलोच, तर एक मांडी." आईचं लक्ष खिरीत होतं, तिनं ते शेवटचं ऐकलंच नाही.

उन्हं डोक्यावर आली तरी गूळ नाही. मग मी गेले. तात्या गंजीच्या सावलीत, मांडी घालून, पानं हातात. मी म्हटलं, "तात्या, चला की, पाव्हणं येतील!" तर मान वर न करता म्हणतात, "आलूच गं. ही मांडी मोडली की आलूच." मी गयावया केली, रडले, पोत्याचं टोक ओढलं. काही नाही. आणि तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. पाहुणे लवकर निघाले होते आणि घराची वाट विचारायला गुऱ्हाळावरच थांबले! आमच्याकडची रीत अशी, की गुऱ्हाळावर आलेला माणूस रस न पिता गेला तर मालकाला अपमान वाटायचा. गुलाबभाईंनी त्यांना ओळखलं, पण रीत मोडायची कशी? त्यांनी एक रिकामं पोतं भिरकावून पत्त्यांवर टाकलं आणि दोन्ही हात पसरून पुढं झाले, "या, या! रस घेतल्याबिगर सोडत नसतो!"

गजराबाई खाली उतरली. काटक, उंच, कपाळाला कुंकू नाही पण नजर अशी की काळजात काय आहे ते वाचून घेईल. मागून दत्तू, शेवटी मामा. मामानं तात्यांना पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. बाकीचे खेळणारे पटापट उठून उभे राहिले. तात्यांना मात्र उठता येईना. सकाळपासूनच्या मांडीनं दोन्ही पाय मेले होते. हातावर भार देऊन त्यांनी जोर केला आणि बद्दकन परत खाली बसले. गुलाबभाई घाईघाईनं म्हणाले, "आमचं तात्या गुळाची ढेप निवायची वाट बघत बसल्यात."

"मग ढेप निवंस्तवर रामराम बी करायचा नसतोय व्हय?" गजराबाई म्हणाली, आणि वाकून तिनं पोतं उचललं.

नुसतं इंजिन पुक पुक करत होतं. तात्यांनी हात जोडले. "पाव्हनीबाई, खोटं बोलत न्हाय. पत्तं खेळत हुतो. पाय मेल्यात, उठता येईना."

मी तिथून धूम ठोकली ती थेट घरी. अक्का आरशापुढं होती, एक वेणी घातलेली, दुसरी सुटी. मी धापा टाकत एवढंच म्हटलं, "तात्यांचे पाय मेले!" ती तशीच निघाली. अर्ध्या केसांनी, नवं लुगडं गुडघ्याशी आवळून, उसातनं आडव्या वाटेनं गुऱ्हाळावर. जीप, पाहुणे, मुलगा, काही म्हणजे काही तिच्या डोळ्यांना दिसलं नाही. तात्यांच्या पुढ्यात बसली, दोन्ही हातांनी त्यांची मांडी सोडवली आणि पिंढऱ्या रगडायला लागली. तोंडाचा पट्टा चालूच. "किती येळा सांगितलं, किती येळा! आता म्हातारपनी लंगडत फिरनार हायसा का? हलवा बोटं. हलवा म्हन्ते ना!" आणि तात्या, "आय आय गं! मुंग्या! मुंग्या आल्या, सोड!" आणि अक्का, "येऊंद्यात मुंग्या, तेवढीच अक्कल यील!"

तेवढ्यात मागून कुणीतरी फस्सकन हसलं. तो दत्तू होता. अक्कानं मान वळवली, पाहिलं, आणि गुडघ्यावरचं लुगडं खाली ओढता ओढता तिचा चेहरा लालबुंद झाला. गजराबाईनं मामाला विचारलं, "ह्यीच का पोरगी?" मामानं मान हलवत 'व्हय' म्हटलं. अशा रीतीनं आमच्या अक्काचा बघण्याचा कार्यक्रम पार पडला. खिरीची वाटी नाही, पाटावर बसणं नाही, नाव-गाव-शिक्षण नाही.

तरी रिवाजाप्रमाणं मंडळी घरी आली. तात्या दोघांच्या खांद्यावर हात टाकून. आईनं गुलाबभाईंनी बरोबर धाडलेला गूळ घालून खीर वाढली. गजराबाईनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला गोल गोल बोलता येत न्हाय. पोरगी पसंत. घर पसंत न्हाय."

तात्या कळवळून म्हणाले, "पाव्हनीबाई, मी काय आडदांड खेळत न्हाय. मी नेमानं खेळतो." आणि त्यांनी एकेक नेम सांगितला. बेंदूर, अंघोळ, मांडी. सांगता सांगता आवाजात पुन्हा तो अभिमान चढायला लागला. गजराबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या भावाचं बी नेम हुतं. लई हुतं. नेम करनारा त्योच, मोडनारा त्योच आन माफ करनारा बी त्योच. आन तुमी तर नेम मोडलाबी न्हाय! पोरीला बघायला मानसं दारात आली तरी उठू देत न्हाय, त्यो कसला वं नेम? मांडी तुमी घाला. पन मोडायचा हक्क दुसऱ्याला द्या."

तात्यांनी दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "दिला. इमलला दिला."

अक्का दारामागून फाडकन म्हणाली, "आन मी काय जलमभर हितंच बसनार हाय व्हय?" बोलून गेली आणि जीभ चावली. दत्तू पुन्हा हसला. गजराबाईच्याही ओठांचा कोपरा हलला.

तेव्हा चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "मला द्या."

तात्यांनी चमकून पाहिलं. "तू? तू गुऱ्हाळावर येनार? बाप्यांच्यात?"

"का? मला पाय न्हाईत?" आई म्हणाली. "येवढं नेम केलंसा. येकदा तरी मला इचारलंसा?"

मला तेव्हा आईला जाऊन मिठी मारावीशी वाटली. गजराबाई उठली, आईजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "ठरलं तर. ह्या बाईनं उठा म्हनलं आन ह्यो गडी हातातली पानं ठिवून उठला, असं माझ्या कानावर आलं की सुपारी फोडायला येते. न्हाय आलं, तर रामराम." पत्ते सोडा, असं ती म्हणाली नाही. शहाणी बाई. तसं म्हणाली असती तर तात्यांनी जागच्या जागी सोडले असते, आणि बेंदराला धरले असते.

आणि काय गंमत बघा, त्या दिवसापासून तात्या गुऱ्हाळाकडं फिरकेनात! दिवस चालले. अक्काचा जीव टांगणीला. खेळायला बसलेच नाहीत तर उठणार कशातून? ज्या घरानं जन्मभर त्यांना खेळापासून धरून ठेवलं, तेच आता खेळा म्हणून त्यांच्या मागं लागलं. अक्का सकाळी अंघोळीचं पाणी काढून द्यायची, "तात्या, जावा की वं खेळायला!" मी म्हणायची, "तात्या, शेजारच्या खिलाऱ्यांच्याकडं नवी खोंडं आल्यात म्हनं." तात्या नुसते बैलांच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे. शेवटी एकदा आईलाच म्हणाले, "आन मी न्हाय उठलो तर गं? पोरीचं वाटोळं हुईल माझ्यापायी." आई म्हणाली, "न्हाय उठलासा तर मी तितंच बसून ऱ्हाईन. पन जावा."

ते गेले. दुपार कलल्यावर आईनं तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "चल गं." गुऱ्हाळापर्यंतची वाट तिला माहीत होती, पण खेळाच्या त्या सावलीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आम्हाला पाहून इंजिनाजवळचा माणूस हातातलं काम सोडून बघत राहिला. तात्यांची पाठ आमच्याकडं होती. पानं नुकतीच उचललेली, छातीशी धरलेली. आई अगदी मागं जाऊन उभी राहिली. मग ती वाकली आणि चारचौघांत तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या काळी आमच्या गावात बाई असं करत नसे. "उठा," ती म्हणाली.

एकजण अजीजीनं बोलला, "वैनी, येवढा डाव तरी हुंदे!"

"डाव तुमचा. गुडगा माझा," आई म्हणाली.

तात्यांनी पानांकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं, देवाला ठाऊक. मग त्यांनी पानं पालथी करून पोत्यावर ठेवली, आईचा हात धरला आणि उठले. पाय बधिर होतेच, झोकांडी गेली, आईनं सावरलं. गुलाबभाई काहिलीवरून ओरडले, "वा रं माझ्या तात्या!" आणि पणदऱ्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवायला पळाले, निरोप द्यायला.

मी काकवीचं मडकं घ्यायला जरा मागं राहिले. तेवढ्यात एकानं तात्यांची पानं उलटली आणि कपाळावर हात मारला. तीन राजे. राजे, तिन्हीच्या तिन्ही! जन्मात एखाद्या वेळी येणारी पानं.

मी धावत दोघांना गाठलं. तात्या लंगडत होते, आईनं त्यांचा दंड धरला होता. ती म्हणाली, "काय पानं हुती वं?"

पत्ते खेळणारा माणूस आपल्या हातात होतं त्यापेक्षा मोठंच सांगतो. तात्या तर आयुष्यभर सत्तीची राणी करून सांगत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी हात झटकला. "छे गं! भंगार. दुर्री, पंजी, असलं कायतरी. तसाबी डाव टाकनारच हुतो."

पदराआड आईचे खांदे हलत होते. मग म्हणाली, "व्हय का? मला तर तीन दाढीवालं बापय दिसलं."

तात्या भर रस्त्यात थांबले. आधी लाजले, आणि मग असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. आईही तोंडावरचा पदर सोडून हसायला लागली. अक्का दारात वाट बघत उभी होती. त्या दोघांना तसं हसत येताना पाहून तिनं काही विचारलंच नाही, सरळ आत जाऊन चुलीवर चहाला आधण ठेवलं.